जर्मन प्राध्यापकाची नोंद लिहिण्यापूर्वी : मराठी संपादकांना खुले पत्र

प्रति,
ज्ञानकोश, नियतकालिके आणि शारीरिक शिक्षणाची पाठ्यपुस्तके यांसाठी परदेशी क्रीडाशास्त्रज्ञांच्या चरित्रनोंदी लिहिणारे, अनुवादणारे आणि तपासणारे सर्वजण यांना,

स. न. वि. वि.

व्यायाम आणि खेळ या विषयांवर मराठीत लेखन कमी झालेले नाही. बडोद्याहून दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश निघाला तो याच भाषेत. तरीही एखाद्या जर्मन क्रीडा-शिक्षणशास्त्रज्ञाची नोंद करायची वेळ आली की पहिल्या तीन ओळींतच घोटाळा होतो. लेखक आळशी असतो म्हणून नव्हे. जर्मन शब्द इंग्रजीसारखे दिसतात, इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द तयार असतो आणि या दोन उड्यांत मूळ माणूस कुठल्या कुठे जाऊन पडतो. म्हणून आमची मागणी एकच आहे. जर्मन प्राध्यापकाची कारकीर्द जर्मन शिडीच्या पायऱ्यांनी मोजा. आपल्या व्याख्याता–प्रपाठक–प्राध्यापक या शिडीवर ती बसवू नका, बसत नाही.

आधी फसवे शब्द. गिम्नाझिउम म्हणजे व्यायामशाळा नव्हे. ती पाचवीपासून बारावी-तेरावीपर्यंतची, विद्यापीठ प्रवेशाची वाट खुली करणारी शाळा आहे. विषय क्रीडेचा असल्यामुळे ही चूक इथे हमखास होते. गिम्नाझिउममध्ये जर्मन आणि इतिहास शिकवणारा माणूस मराठीत येताना आखाड्याचा वस्ताद होतो. होखशूल म्हणजे हायस्कूल नव्हे, उच्च शिक्षणसंस्था. कोलोनच्या श्पोर्टहोखशूलला १९७० पासून विद्यापीठाचा दर्जा आहे, ती डॉक्टरेट देते. तिला ‘क्रीडा हायस्कूल’ म्हणणे म्हणजे तिच्या कुलगुरूंना मुख्याध्यापक करणे. कुलगुरूंवरून आठवले : जर्मन विद्यापीठाचा कान्स्लर हा आपला कुलपती नव्हे. तो प्रशासन आणि हिशेब पाहणारा अधिकारी, म्हणजे साधारण आपला कुलसचिव. कुलगुरूच्या जागी तिथे रेक्टर किंवा प्रेझिडेंट असतो, आणि डेकान म्हणजे अधिष्ठाता.

सगळ्यात जास्त अन्याय करतो तो ‘डिप्लोम’ हा शब्द. जुन्या पिढीतल्या शेकडो क्रीडाशास्त्रज्ञांच्या नावापुढे ‘डिप्लोम-श्पोर्टलेरर’ असते. मराठीत त्याचे ‘क्रीडा शिक्षणातील पदविका’ असे होते आणि चार-पाच वर्षांची, पदव्युत्तर तोडीची पदवी एका वर्षाच्या पदविकेइतकी खाली येते. युरोपभरच्या पदव्या एका साच्यात आणणाऱ्या बोलोन्या करारानंतर बॅचलर-मास्टर आले आणि डिप्लोम मागे पडला, पण ज्यांच्या नोंदी आज आपण लिहितो त्यांतले बहुतेक त्याआधीचे आहेत. ‘डिप्लोम पदवी’ असे सरळ लिहावे.

आता विषयाचे नाव. ‘श्पोर्टपेडागोगिक’ला क्रीडा-शिक्षणशास्त्र म्हणावे. क्रीडा प्रशिक्षण म्हणू नये, कारण प्रशिक्षणशास्त्र ही क्रीडाशास्त्राची दुसरीच शाखा आहे. तिचा प्राध्यापक भार किती, विश्रांती किती, रक्तातले लॅक्टेट (श्रमाचे माप) किती हे पाहतो. शिक्षणशास्त्राचा प्राध्यापक विचारतो की शाळेत खेळ शिकवायचाच का, कोणाला, कशासाठी आणि मूल त्यातून काय घेऊन जाते. दोघे एकाच इमारतीत बसतात, म्हणून दोघांना ‘प्रशिक्षक’ करून मोकळे होऊ नका.

या विषयाचे नावही काळाबरोबर बदलले आहे, आणि नावावरून काळ ओळखता येतो. गुट्समुट्सने १७९३ साली श्नेप्फेनटालच्या शाळेतून तरुणांसाठीच्या व्यायामावर पुस्तक काढले तेव्हा शब्द होता गिम्नास्टिक. यानने १८११ मध्ये बर्लिनच्या हाझेनहाइडेवर मैदान सुरू केले तेव्हा त्याने ‘टुर्नेन’ हा शब्द घडवला. विसाव्या शतकात ‘लाइबेसइबुंगेन’ (देहाचे व्यायाम) आणि ‘लाइबेसएर्त्सिऊंग’ (देहाचे शिक्षण) आले. १९७० च्या आसपास पश्चिम जर्मनीत ‘श्पोर्ट’ने त्यांची जागा घेतली. पूर्व जर्मनीत ‘क्योर्परएर्त्सिऊंग’ (शरीराचे शिक्षण) चालू राहिले. एखाद्या माणसाला १९३५ साली ‘श्पोर्टपेडागोगिकचा प्राध्यापक’ म्हणणारी नोंद दिसली, तर ती मागाहून कोणीतरी आजच्या शब्दात ओतली आहे असे समजावे.

यात एक गाठ मराठीला इतरांपेक्षा सोपी जाईल. जर्मनमध्ये शरीराला दोन शब्द आहेत. ‘क्योर्पर’ म्हणजे मोजता, तपासता, घडवता येणारे शरीर. ‘लाइब’ म्हणजे ज्याच्या आतून आपण जगतो ते. हेल्मुथ प्लेस्नर यांच्या तत्त्वज्ञानातून आलेला, शरीर ‘असणे’ आणि शरीर ‘बाळगणे’ हा फरक युद्धोत्तर क्रीडा-शिक्षणशास्त्राच्या पायाशी आहे. इंग्रजीकडे दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे इंग्रजीवरून अनुवाद केला की हा फरक सपाट होतो. आपल्याकडे ‘देह’ आणि ‘शरीर’ हे दोन शब्द आहेत. लाइबला देह आणि क्योर्परला शरीर असे एकदा ठरवून टाकले, तर अर्धे वाद नोंदीतच कळतील. तसेच ‘एर्त्सिऊंग’ आणि ‘बिल्डुंग’ : पहिल्यात संस्कार करणारा कोणी दुसरा असतो, दुसऱ्यात माणूस स्वतः घडतो. दोन्हींना ‘शिक्षण’ लिहिले की शास्त्रज्ञाने अमुक मत का बदलले, हेच वाचकाला समजत नाही.

शिडीची खालची पायरी शाळेची आहे. क्रीडा-शिक्षणशास्त्राचा प्राध्यापक बहुधा शिक्षक होण्याच्या अभ्यासक्रमातून वर येतो. प्रवेशाआधी शारीरिक पात्रता चाचणी असते. कोलोनची चाचणी त्यासाठी कुप्रसिद्ध आहे : पोहणे, मैदानी खेळ, जिम्नॅस्टिक्स, सांघिक खेळ मिळून वीसेक कसोट्या, त्यांतले एकच अपयश माफ, आणि शेवटी दमसासाची धाव. मग दोन विषयांचा अभ्यास. माध्यमिक शाळांच्या शिक्षकाला जर्मनीत सर्वसाधारणपणे दोन विषय घ्यावे लागतात, त्यामुळे ‘क्रीडा आणि गणित’, ‘क्रीडा आणि लॅटिन’ अशा जोड्या दिसतात. दुसरा विषय नोंदीतून गाळू नका. पुढे त्याच माणसाने इतिहास किंवा तत्त्वज्ञानाच्या अंगाने का लिहिले याचे उत्तर बहुतेक वेळा तिथेच असते. अभ्यासानंतर पहिली राज्य परीक्षा (आता बऱ्याच राज्यांत शिक्षणातील मास्टर), मग दीड-दोन वर्षांची शाळेतली उमेदवारी, म्हणजे रेफेरेंडारिआट, आणि तिच्या शेवटी दुसरी राज्य परीक्षा. ‘दोन वेळा परीक्षा दिली’ याचा अर्थ पहिल्यांदा नापास झाला असा नाही.

यानंतर चरित्रात तीन-चार वर्षे शाळेत नोकरी दिसली की आपल्याकडचा संपादक ती ‘संशोधनातील खंड’ समजून वगळतो. वास्तविक ती पात्रता आहे. शिक्षकांना घडवणाऱ्या विषयशिक्षणाच्या प्राध्यापकपदासाठी साधारणपणे तीन वर्षांचा शालेय अनुभव असावा, अशी तरतूद राज्यांच्या उच्चशिक्षण कायद्यांत आढळते. ती वर्षे नसती तर पुढचे पद मिळणेच अवघड झाले असते.

डॉक्टरेटच्या बाबतीत चुकते ते साल. जर्मनीत तोंडी परीक्षा झाली म्हणजे काम संपले असे नसते. प्रबंध प्रकाशित करून ठरलेल्या प्रती विद्यापीठाला द्याव्या लागतात, त्यानंतरच उपाधी रीतसर वापरता येते. म्हणून एकाच प्रबंधाला तीन साले असू शकतात : सादर केल्याचे, परीक्षेचे आणि छापल्याचे. तीन ठिकाणी तीन साले सापडली तर घाबरू नये, भांडूही नये. परीक्षेचे साल घ्यावे आणि पुस्तकाचे साल पुस्तकाला द्यावे. श्रेणी लॅटिनमध्ये असते. सुम्मा कुम लाउडे सर्वोच्च, मग माग्ना, मग नुसते कुम लाउडे, आणि ‘रिटे’ म्हणजे उत्तीर्ण. उपाधीच्या शेपटावरून विद्याशाखा कळते : डॉ. फिल. तत्त्वज्ञान विद्याशाखेची, डॉ. रेर. नाट. निसर्गविज्ञानाची, डॉ. रेर. सोक. समाजविज्ञानाची, आणि डॉ. पेड. शिक्षणशास्त्राची. क्रीडाशास्त्र कुठल्या विद्याशाखेच्या छत्राखाली आहे हे विद्यापीठागणिक बदलते, त्यामुळे डॉ. फिल. आहे म्हणून ‘तत्त्वज्ञानात पीएच.डी.’ असे लिहू नये. नावापुढे ‘डॉ. डॉ. एच. सी.’ असेल तर पहिली कमावलेली आणि दुसरी सन्मान्य.

यानंतरच्या पायरीला आपल्याकडे जोड नाही. हाबिलिटेशन म्हणजे ‘दुसरी पीएच.डी.’ असे समजूत घालण्यापुरते म्हणता येईल, पण ती पदवी नव्हे. तो विद्यापीठात स्वतंत्रपणे शिकवण्याचा अधिकार आहे. पूर्वी त्यासाठी दुसरा मोठा ग्रंथ लिहावा लागे, आता लेखांचा संच चालतो. मग विद्याशाखेसमोर चाचणी व्याख्यान, त्यावर चर्चा, आणि शेवटी ‘वेनिया लेगेंडी’, म्हणजे शिकवण्याची मुभा. ही मुभा मिळालेला, पण प्राध्यापकपद न मिळालेला माणूस म्हणजे प्रिवाटडोझेंट. ‘खासगी शिकवणी घेणारे’ असा त्याचा अर्थ अजिबात नाही. उलट शोकांतिका अशी की उपाधी टिकवण्यासाठी त्याला दर सत्रात थोडे तास शिकवावे लागतात आणि त्या शिकवण्याचा मोबदला बहुधा मिळत नाही.

प्राध्यापक या शब्दाखाली निदान पाच प्रकारची माणसे असतात, आणि नोंदीत त्यांना एकाच पंक्तीला बसवले जाते. जुन्या काळचा ओर्डिनारिउस हा अध्यासनाचा धनी : स्वतःचे कर्मचारी, स्वतःचा निधी. औसरप्लानमेसिगर प्रोफेसर, संक्षेपाने ‘apl. Prof.’, हा बरीच वर्षे शिकवलेला प्रिवाटडोझेंट असतो; उपाधी मिळते, अध्यासन मिळत नाही. होनोरारप्रोफेसर बाहेर नोकरी करून विद्यापीठात शिकवतो. त्याला ‘मानद डॉक्टर’ समजू नये आणि त्याला मानधन मिळते असेही गृहीत धरू नये. फेरट्रेटुंग म्हणजे रिकाम्या अध्यासनावरची एक-दोन सत्रांची बदली नेमणूक. युनिओरप्रोफेसर ही २००२ च्या कायदेबदलातून आलेली, साधारण तीन अधिक तीन वर्षांची पायरी. हाबिलिटेशनविना प्राध्यापक होण्याची वाट. २००४ मध्ये संघराज्याच्या घटना न्यायालयाने त्या कायद्याला धक्का दिला, तो नव्याने करावा लागला, पण पद टिकले.

प्राध्यापक नसलेल्यांची नावेही गोंधळात टाकतात. लेरबेआउफट्राग्टर म्हणजे आपला तासिका तत्त्वावरचा अध्यापक, याहून चांगला प्रतिशब्द शोधून मिळणार नाही. आकाडेमिशर राट हा ‘शैक्षणिक परिषदेचा सदस्य’ नव्हे, ते विद्यापीठातल्या शासकीय सेवकाचे पदनाम आहे. आणि ‘विशेष कामांसाठीचे अध्यापक’ अशा नावाखाली क्रीडा विभागांत पोहणे, जिम्नॅस्टिक्स, खेळ प्रत्यक्ष शिकवणारी माणसे असतात. प्राध्यापकाचा भार आठवड्याला आठ-नऊ तासांचा, तर यांचा दुपटीच्या आसपास. संस्थेच्या इतिहासात त्यांची नावे सहसा येत नाहीत. तुमच्या नोंदींत तरी यावीत.

नेमणूक कशी होते हे कळल्याशिवाय जर्मन कारकिर्दीतल्या तारखा लागत नाहीत. पद जाहीर होते, निवड समिती बसते, उमेदवार चाचणी व्याख्यान देतात, बाहेरच्या तज्ज्ञांचे अभिप्राय येतात, आणि तीन नावांची क्रमवार यादी तयार होते. यादीतल्या पहिल्याला ‘रूफ’ येतो. शब्दशः हाक, आपण ‘निमंत्रण’ म्हणू. रूफ म्हणजे नेमणूक नव्हे. तिथून पगार, सहायकांची पदे, प्रयोगशाळा यांच्या वाटाघाटी सुरू होतात आणि त्या महिनोन्‌महिने चालतात. उमेदवार नाही म्हणू शकतो. म्हणूनच जर्मन चरित्रांत एक आपल्याला विचित्र वाटणारी ओळ असते : ‘अमुक विद्यापीठाचा रूफ, नाकारला.’ ती अपयशाची कबुली नाही, मिरवण्याची गोष्ट आहे, कारण नाकारलेला रूफ दाखवून आपल्याच विद्यापीठाकडून जास्त काही मिळवता येते. अनुवादात ही ओळ ‘अर्ज नाकारला गेला’ अशी उलटली तर अर्थाचा पुरता खून होतो. रूफ, प्रत्यक्ष नेमणूक आणि पदग्रहणाचे व्याख्यान, या तीन तारखांत वर्षाचाही फरक पडतो. नोंदीत नेमणुकीची घ्यावी.

ज्या विद्यापीठात वाढलो तिथेच प्राध्यापक होणे तिथे बरे समजले जात नाही, अपवादच असतो. त्यामुळे गावोगाव फिरलेली कारकीर्द ही अस्थिर माणसाची खूण नव्हे. उलट आजची अस्थिरता वेगळी आहे : २००७ च्या कायद्याने डॉक्टरेटपूर्वी सहा आणि नंतर सहा वर्षे अशी मुदतीच्या करारांची कमाल मर्यादा ठरवली. २०२१ च्या जूनमध्ये तरुण संशोधकांचा समाजमाध्यमांवर जो उद्रेक झाला त्याचे मूळ याच बारा वर्षांत आहे. ‘अर्ध्या पदावर’ म्हणजे अर्धा पगार, काम बहुतेक वेळा पूर्ण. वेतनश्रेणी सी असेल तर जुनी, डब्ल्यू असेल तर २००५ पासून सगळीकडे लागू झालेली. सी-चार आणि डब्ल्यू-तीन सर्वांत वरच्या. यापेक्षा खोलात जाण्याची चरित्रनोंदीला गरज नाही.

इथवरचे सगळे एका माणसावर लावून पाहू. ओमो ग्रूपे हे या विषयातले मोठे नाव. त्यांची नोंद ‘ट्युबिंगन विद्यापीठात १९६० पासून प्राध्यापक’ अशी केली की चूक झालीच. १९६० साली ते तिथल्या लाइबेसइबुंगेन संस्थेचे संचालक झाले. अशी संस्था मुळात विद्यार्थ्यांकडून व्यायाम करवून घेणारी आणि क्रीडाशिक्षक तयार करणारी. विद्याशाखांच्या दृष्टीने ती दारातच उभी. हाबिलिटेशन १९६७ चे. त्याच साली लाइबेसएर्त्सिऊंगच्या शैक्षणिक सिद्धान्तावरचा त्यांचा अभ्यासग्रंथ आला. प्राध्यापकपद १९६८ चे. म्हणजे संचालक आणि प्राध्यापक यांच्यामध्ये आठ वर्षे आहेत, आणि या विषयाने विद्यापीठात स्वतःची जागा कशी मिळवली याची गोष्ट त्याच आठ वर्षांत आहे. ती खोडली की नोंदीत फक्त पदांची यादी उरते.

त्यांच्या पुस्तकांची नावे ओळीने वाचली तरी हे दिसते. १९६७ च्या ग्रंथाच्या नावात लाइबेसएर्त्सिऊंग आहे. १९६९ च्या ग्रंथाच्या नावात, ‘ग्रुंडलागेन डेर श्पोर्टपेडागोगिक’, म्हणजे क्रीडा-शिक्षणशास्त्राचा पाया, विषयाचे नाव बदललेले आहे. मध्ये फक्त दोन वर्षे. १९७१ मध्ये ‘श्पोर्टविसेनशाफ्ट’ हे नियतकालिक सुरू झाले, त्याच्या संस्थापक संपादकांत ते होते. १९७२ च्या ऑगस्टमध्ये, म्युनिकच्या ऑलिंपिकला तोंड लागण्याच्या आधीच्या आठवड्यात, तिथे मोठे वैज्ञानिक अधिवेशन भरले. त्याच्या तयारीत आणि ग्रंथसंपादनात ग्रूपे पुढे होते. जर्मन क्रीडा महासंघाचे ते उपाध्यक्षही होते. हे शेवटचे मानद पद आहे, विद्यापीठाचे नाही. दोन्ही एकाच वाक्यात स्वल्पविरामाने जोडली की वाचकाला वाटते महासंघाने त्यांना प्राध्यापक केले.

ग्रूपे यांचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर : खेळातून चारित्र्य आपोआप घडते असे धरून चालू नका, देहाशी माणसाचे नाते बदलते, ते समजून घ्या आणि मग शिकवा. हा विचार शाळेच्या वेळापत्रकापर्यंत कसा पोहोचला हे पाहायचे तर बीलेफेल्डच्या डीट्रिख कुर्त्स यांच्याकडे जावे लागते. शालेय क्रीडेच्या घटकांवरचे त्यांचे पुस्तक १९७७ चे. खेळाकडे एकाच हेतूने न पाहता अनेक अर्थांनी पाहावे, हा त्यांचा मुद्दा. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याच्या अभ्यासक्रमात पुढे तो सहा दृष्टिकोनांत मांडला गेला : संवेदना आणि हालचालीचा अनुभव वाढवणे, शरीरातून व्यक्त होणे, धाडस करणे आणि त्याची जबाबदारी घेणे, कामगिरी अनुभवणे व तिचे मोल ओळखणे, सहकार्य-स्पर्धा-समजूत यांनी एकमेकांशी वागणे, आणि आरोग्य. शिक्षकाच्या हाती याचा उपयोग असा, की लांब उडीचा तोच तास मोजपट्टी घेऊनही घेता येतो, किंवा आपल्याला किती अंतराची भीती वाटते ते ओळखण्यासाठीही. दोन तासांत खड्डा तोच, वाळू तीच, प्रश्न वेगळा. प्राध्यापकाच्या नोंदीत ‘अभ्यासक्रमावर मोठा प्रभाव’ असे मोघम लिहिण्याऐवजी एवढे तरी द्यावे.

आता अवघड भाग. १९३३ ते १९४५ ही नाझी राजवटीची बारा वर्षे एका ओळीत उडवून देण्याची पद्धत आहे : ‘युद्धामुळे कार्यात खंड पडला.’ या क्षेत्रात तसा खंड पडला नव्हता, उलट भरती झाली होती. १९३३ च्या एप्रिलमधल्या सरकारी नोकरांविषयीच्या कायद्याने ज्यू आणि राजकीयदृष्ट्या नकोशी माणसे विद्यापीठांतून काढली गेली. १९३४ च्या ऑक्टोबरमधल्या नियमांनी विद्यार्थ्यांना खेळ सक्तीचा झाला आणि त्यासाठीच्या संस्थांना अधिकार आणि पदे मिळाली. १९३३ नंतर कोणाची बढती झाली आणि कोणाच्या जागेवर झाली, हे दोन्ही प्रश्न विचारल्याशिवाय त्या काळची नोंद छापू नये.

कार्ल डीम यांचे उदाहरण घ्या. हा माणूस विद्यापीठाच्या शिडीने चढलेला नव्हता. पत्रकार आणि संघटक. १९२० मध्ये बर्लिनला क्रीडेची उच्च शिक्षणसंस्था निघाली तेव्हा शल्यविशारद आउगुस्ट बीर तिचे रेक्टर आणि डीम त्यांचे प्रोरेक्टर, म्हणजे उपप्रमुख, झाले. १९३३ मध्ये ते पद गेले. १९३६ च्या ऑलिंपिकचे मात्र तेच सरचिटणीस. मशालीची दौड त्यांच्या कारकिर्दीतली. त्याच वर्षी बर्लिनला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली, म्हणून मराठीत डीम यांच्याबद्दल लिहिताना सूर नकळत आदराचा होतो. पुढचेही लिहा. १८ मार्च १९४५ रोजी, पराभव समोर दिसत असताना, ऑलिंपिक मैदानावर जमवलेल्या किशोरवयीन मुलांपुढे त्यांनी बलिदानाचे आवाहन करणारे भाषण केले. आणि दोनच वर्षांत, १९४७ मध्ये, ते कोलोनच्या नव्या श्पोर्टहोखशूलचे संस्थापक रेक्टर होते, १९६२ च्या डिसेंबरात मृत्यू येईपर्यंत. त्यांच्या नावाच्या रस्त्यांवरून जर्मनीत वर्षानुवर्षे वाद झाले. खुद्द त्या संस्थेच्या पत्त्यातले त्यांचे नावही आता बदलले आहे. डीम निर्दोष की दोषी हे नोंदीने ठरवायचे नाही. पण १९३६ आणि १९४७ लिहून १९४५ गाळणे हाही एक निकालच आहे. त्यांच्या पत्नी लीझेलॉट डीम यांची नोंद ‘डीम यांच्या पत्नी’ म्हणून संपवू नका. लहान मुलांच्या हालचालीच्या शिक्षणावर त्यांचे स्वतःचे काम आहे, आणि १९६७ ते १९६९ या काळात त्या त्याच संस्थेच्या रेक्टर होत्या.

पूर्व जर्मनीची शिडी वेगळी होती. तिथे साठच्या दशकाच्या अखेरच्या विद्यापीठ सुधारणांनंतर हाबिलिटेशनऐवजी ‘प्रोमोशन बी’ आले, आणि त्याची उपाधी ‘डॉ. एस. सी.’. तिचे ‘डॉक्टर ऑफ सायन्स’ करू नका, ‘डॉ. एस. सी. पेड.’ म्हणजे शिक्षणशास्त्रातली दुसरी, वरची डॉक्टरेट. १९९० नंतर अनेकांनी तिचे रूपांतर ‘डॉ. हाबिल.’मध्ये करून घेतले, म्हणून एकाच माणसाच्या दोन उपाध्या वेगवेगळ्या काळच्या कागदांवर दिसतात. ‘डोझेंट’ हेही तिथे रीतसर नेमणुकीचे पद होते, पश्चिमेकडच्या प्रिवाटडोझेंटसारखे बिनपगारी नव्हे. लाइपझिगची क्रीडा संस्था, १९५० मध्ये स्थापन झालेली, एकीकरणानंतर लगेच, १९९० च्या डिसेंबरात, बंद करण्याचा निर्णय झाला; तिथल्या काही प्रबंधांवर गोपनीय शिक्का होता, ते तेव्हाच्या ग्रंथालय सूचीत सापडत नाहीत. सूचीत नाही म्हणून प्रबंध नाही, असा निष्कर्ष इथे काढता येत नाही.

पश्चिमेकडेही एक फसवी तारीख आहे. शिक्षकांच्या स्वतंत्र महाविद्यालयांना ‘पेडागोगिशे होखशूल’ म्हणत. बहुतेक राज्यांत ती विद्यापीठांत विलीन झाली, नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात १९८० मध्ये. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये मात्र सहा अजून स्वतंत्र आहेत. त्यामुळे ‘१९८० : विद्यापीठात प्राध्यापक’ असे दिसले तर आधी पाहा, माणूस हलला होता की दारावरची पाटी. कित्येकदा टेबल, खुर्ची आणि विद्यार्थी तेच होते.

निवृत्तीचीही तऱ्हा. एमेरिटुस म्हणजे कर्तव्यातून मोकळा, पण पूर्ण मानाने विद्यापीठाचाच. नंतरच्या पिढ्यांचे प्राध्यापक साध्या निवृत्तिवेतनावर जातात. नेमणुका आणि निवृत्ती बहुधा सत्राच्या शिवेवर पडतात : ३१ मार्च किंवा ३० सप्टेंबर. ‘हिवाळी सत्र १९६७/६८’ असे लिहिलेले असेल तर ते ऑक्टोबर ते मार्च. त्यातून एकच साल उचलायचे असल्यास महिना पाहून उचलावे.

ग्रंथसूची उतरवताना ‘Hg.’ किंवा ‘Hrsg.’ असे संक्षेप येतात. त्यांचा अर्थ संपादक. ते न पाहता संपादित संग्रह लेखकाच्या नावावर चढवले की कोणीही तीसेक ग्रंथांचा धनी होतो. ‘फेस्टश्रिफ्ट’ हा त्यांचा ग्रंथ नव्हे, त्यांच्यासाठी इतरांनी काढलेला गौरवग्रंथ. पडताळणीसाठी तीन ठिकाणे पुरतात. जर्मन राष्ट्रीय ग्रंथालयाची सूची, जिथे व्यक्तीला स्वतंत्र ओळखक्रमांक असतो आणि एकाच नावाची दोन माणसे वेगळी होतात. १९२५ पासून निघणारे क्युर्शनरचे विद्वत्पंचांग, म्हणजे विद्वानांची परिचयसूची. आणि विद्यापीठांनी केलेल्या प्राध्यापक सूची. लाइपझिगची उत्तम आहे. विद्यापीठाच्या जुन्या व्याख्यान-पत्रिका मिळाल्या तर त्यांहून खरा साक्षीदार नाही : त्या सत्रात माणूस कोणत्या पदनामाखाली काय शिकवत होता, हे त्यात छापलेले असते.

नमुना म्हणून एक छोटी नोंद देतो. हवी तशी घ्यावी, शैली आपापल्या ग्रंथाप्रमाणे बदलावी.

‘ग्रूपे, ओमो (४ नोव्हेंबर १९३० – २३ फेब्रुवारी २०१५). जर्मन क्रीडा-शिक्षणशास्त्रज्ञ. जन्म ओस्टफ्रीसलांटमधील वार्झिंग्सफेन येथे. म्युन्स्टर येथे डॉक्टरेट. १९६० पासून ट्युबिंगन विद्यापीठाच्या लाइबेसइबुंगेन संस्थेचे संचालक. १९६७ मध्ये हाबिलिटेशन. १९६८ ते १९९६ तेथेच प्राध्यापक. देह (लाइब) ही संकल्पना केंद्रस्थानी ठेवून त्यांनी शालेय क्रीडेची शैक्षणिक मांडणी केली. ‘श्पोर्टविसेनशाफ्ट’ या नियतकालिकाचे (१९७१) एक संस्थापक संपादक. जर्मन क्रीडा महासंघाचे उपाध्यक्ष (मानद). ट्युबिंगन येथे निधन.’

शंभराहून कमी शब्द झाले आणि त्यात एकही व्यायामशाळा आली नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपले,
जर्मन वाचणारे आणि क्रीडाशास्त्र शिकवणारे काही मराठी वाचक